बुटक्या दाराची तयारी

५ मार्च, बुधवार

आज राखेचा बुधवार. उपवासकाळ सुरू झाला. या चाळीस दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी मटण सोडतं, कुणी चहा सोडतं, कुणी टीव्हीवरच्या मालिका सोडतं. मी यंदा गर्व सोडायचं ठरवलं आहे. त्यासाठी ही नवी वही आणली. चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर बसून उसाच्या गाड्यांची वजनं लिहिली. लिहिल्याशिवाय एखादी गोष्ट झाली असं मला वाटतच नाही.

कारण रतन. माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले. जायच्या दोन दिवस आधी दुपारी मी तिला गोळी देत होतो, तर पाण्याचा पेला हातात धरून म्हणाली, "तितलं दार बुटकं हाय म्हणत्यात. तुमी चालता ताठ. जरा वाकायला शिका, न्हायतर मी आत आन् तुमी भाईर." मी म्हणालो, "आधी गोळी घे." तिनं घेतली. या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

तेव्हापासून ते स्वर्गाचं दार डोक्यातून जात नाही. शास्त्र दोनदा चाळून पाहिलं. दार अरुंद आहे असं लिहिलंय. बुटकं आहे असं कुठंही नाही. मग हिला कुणी सांगितलं?

मला स्वर्गात जायचंय ते सोन्याच्या रस्त्यांसाठी नव्हे. रस्ते कसलेही चालतील, बारामतीत राहून सवय आहे. रतन तिथं आहे म्हणून जायचंय. एवढं सगळं आयुष्य सरळ वागून शेवटी उंचीपायी अडायला नको.

९ मार्च, रविवार

पहिला प्रयोग. बावीस वर्षं मी मंडळीचा पंच आहे. पंचांची पुढची खुर्ची सोडून उपासनेला शेवटच्या बाकावर बसलो. तिथं पंखा लागत नाही हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या गीतानंतर मी दोनदा खोकलो. तेव्हा पाळकसाहेबांनी मान वर केली आणि म्हणाले, "काका, पुढं या, तुमची खुर्ची रिकामी आहे." मी हात हलवून नको म्हणालो. हे सगळ्यांनी वळून पाहिलं.

मला बरं वाटलं. बरं वाटणं हे या प्रयोगात चालतं की नाही, ते कळेना.

१२ मार्च, बुधवार

पंचांची बैठक झाली. आमचे पाळक रविराज तिशीतले आहेत, नगरकडचे, बुलेटवर फिरतात, पण माणूस चांगला आहे. त्यांनी काढलं की यंदा पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी करायचा. प्रभूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. आमच्या मंडळीत हे आजवर झालेलं नाही. बारा जणांचे पाय पाळकांनी आणि ज्येष्ठ पंचांनी मिळून धुवायचे. ज्येष्ठ पंच म्हणजे मी.

मी वाकायला शिकायचं म्हणतोय आणि देवानं सोयच करून दिली! मी तिथल्या तिथं सगळं अंगावर घेतलं. यादी मी करणार, भांडं मी आणणार, टॉवेल माझे.

बैठक उठल्यावर पाळक हळूच म्हणाले, "काका, तुम्ही धुवाल ते खरंच. पण कुणाकडून धुऊन घ्याल का?"

"त्याची काय गरज? मी रोज दोनदा धुतो," मी म्हणालो. ते हसले. का हसले ते समजलं नाही.

बुधवारी रतनची आठवण जास्त येते. डाव्या अंगावरून वारं गेल्यापासून ती तीन वर्षं खाटेवर होती. औषधपाणी, जेवण, सगळं मी घड्याळ लावून केलं. अंघोळीचं मात्र ती मला करू द्यायची नाही. ओल्या फडक्यानं उजव्या हातानं अंग पुसायची तेवढंच. पण बुधवारी मी तीन ते सहा पिंपळीला प्रार्थना घ्यायला जायचो, आणि परत येऊन बघावं तर ही न्हालेली, केस वाळवून वेणी घातलेली, पाय धुऊन टाचांना तेल लावलेलं. एका हातानं! विचारलं तर म्हणायची, "तुमी तिकडं देवाचं नाव घेता, हिकडं मला ताकद येती." मी मंडळीत उभा राहून तशी साक्ष दिली होती. 'बुधवारचा चमत्कार' म्हणून लोक अजून सांगतात. दौंडच्या मंडळीनंही ती ऐकायला मला खास बोलावलं होतं.

१६ मार्च, रविवार

बारा जणांची यादी केली. फोटो निघणार, तेव्हा पाय जरा बरे हवेत. चिखल्या, भेगा, काळी नखं असलेले वगळले. चर्च झाडणारी भीमा विचारत होती, "काका, मला घ्या की." तिचे पाय म्हणजे चिरा पडलेलं रान. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." ती बरं म्हणाली आणि झाडत राहिली.

नावं बघायला जुनं रजिस्टर काढलं. पान एकेचाळीसवर माझ्याच हातची लाल रेघ आहे. सोनबा, माझा धाकटा भाऊ. १९९३ साली त्यानं मंडळीबाहेरच्या मुलीशी, तिच्या दारात, अक्षता टाकून लग्न केलं. मी तेव्हा मंडळीचा चिटणीस. नियम होता, मी नाव कापलं. सख्खा भाऊ म्हणून सोडला असता तर वशिला झाला असता. काट्यावर लोक यायचे, अमक्याच्या ओळखीचा, तमक्याचा पाहुणा, म्हणायचे गाडी पुढं घ्या. चौतीस वर्षांत वशिल्याची एक गाडी मी पुढं घेतली नाही.

सोनबा तेव्हापासून इंदापूर तालुक्यात, बावड्याला. पेरूची बाग आहे म्हणतात. रतनच्या मातीला आला होता, बायकोला घेऊन. ती बाई इतकी रडली, इतकी रडली, की लोक मला सोडून तिच्याकडं बघत होते. मला जरा रागच आला. तिचा आणि रतनचा संबंध काय?

१९ मार्च, बुधवार

भांड्याचा प्रश्न सुटला. आमच्या घरात सगळं प्लास्टिक आणि स्टील. प्लास्टिकच्या टबात पाय धुणं काही शोभत नाही. म्हणून माळ्यावर चढलो, तर रतनच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं पितळी घंगाळ सापडलं! रुंद तोंडाचं, दोन बाजूंना कड्या, दोन्ही पाय आरामात बसतील असं. हे आमच्या घरात कधी आलं? लग्नातलं नाही, लग्नातल्या भांड्यांची यादी माझ्याकडं आहे.

चिंचेनं घासलं. काठावर नाव उमटलं: 'द्वारकाबाई, लोणी भापकर'. पुढं तारीख होती, ती झिजली आहे.

द्वारकाबाई कोण? रतनच्या माहेरी या नावाचं कुणी नाही. मंडळीत कुणी नाही. खाली पिठाची गिरणी चालवणाऱ्या राजलक्ष्मीला विचारलं; ती रतनच्या फार जवळची. म्हणाली, "आसंल की काका, कुणाचं तरी." आणि तिनं गिरणी चालू केली. गिरणीत दळण टाकलेलंच नव्हतं.

२३ मार्च, रविवार

दुसऱ्याच्या भांड्यात मंडळीचे पाय धुणं बरोबर नाही. मालकिणीला विचारलं पाहिजे. नम्र माणसानं हेच केलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर मला राहवत नाही.

२७ मार्च, गुरुवार

घंगाळ पोत्यात घालून एसटीनं लोणी भापकरला गेलो. कंडक्टरनं दोनदा विचारलं पोत्यात काय आहे. गावात पारावर आबासाहेब म्हणून एक म्हातारे बसले होते, नव्वदीला टेकलेले पण कान तिखट. त्यांना नाव वाचून दाखवलं.

"द्वारकी व्हय? ती जाऊन धा वर्सं झाली," ते म्हणाले. "दोन पोरी तिला. थोरली सासवडला. धाकटी साखर, ती बावड्याला दिली. ह्ये घंगाळ तिला आंदणात दिल्यालं, मी सोता बारामतीस्नं आणलं हुतं. तुमच्याकडं कसं?"

मी म्हणालो, सापडलं.

"लय सोसलं द्वारकीनं," म्हातारबा सांगू लागले. "किरिस्ताव पोराला पोरगी दिली म्हणून भावकीनं चार वर्सं तिच्या घरचं पाणी घेतलं न्हाय. आन् तिकडनं तरी कोण यावं? नवऱ्या मुलाकडनं लग्नाला एक माणूस न्हवता. थोरला भाऊ म्हणं कारखान्यात काटा करतो, लय ताठ. पोरगं एकलंच हुबं हुतं मांडवात. आमीच त्याच्या बाजूला जाऊन बसलो." मग त्यांनी डोळे बारीक केले. "तुमी कुटलं म्हणला?"

"बारामतीचा."

"नाव?"

मी म्हणालो, माझी एसटी आली. एसटी यायला पाऊण तास होता. रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, पोतं खांद्यावर घेऊन.

साखर म्हणजे साखरबाई, सोनबाची बायको. तिचं माहेर कुठलं, आई कोण, हे मी बत्तीस वर्षांत कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर लग्न मान्य केल्यासारखं झालं असतं. सोनबा मांडवात एकटा उभा होता हेही मला माहीत नव्हतं. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. उन्हात त्याच्या नाकातून रक्त यायचं.

२८ मार्च, शुक्रवार

पण तिचं घंगाळ माझ्या माळ्यावर कसं? रतनची आणि तिची ओळखसुद्धा नव्हती. मी होऊच दिली नव्हती.

२ एप्रिल, बुधवार

राजलक्ष्मीला आज सरळच विचारलं. ती पिठाचे हात पदराला पुसत म्हणाली, "काका, काही गोष्टी ज्याच्या त्यानं सांगायच्या आसत्यात. फोन लावून देऊ का?"

"कुणाला?"

"बावड्याला."

"तुझ्याकडं नंबर कसा काय?"

"हाय," ती म्हणाली. मी नको म्हणालो. पहिला फोन धाकट्यानं करायचा असतो.

घरी येऊन एक गोष्ट करून पाहिली. टॉवेलच्या दशा तीन-तीन घेऊन उजव्या हातानं वेणी घालायचा प्रयत्न केला, डावा हात मांडीखाली दाबून. वीस मिनिटं झगडलो. एका हातानं वेणी येत नाही. दात वापरले तरी येत नाही, आणि केस तर पाठीवर असतात.

अर्थात, जे येत नाही ते होणं म्हणजेच चमत्कार. तरी झोप नीट लागली नाही.

६ एप्रिल, रविवार

उपासनेनंतर पाळकांना थांबवून घेतलं आणि मनातले सगळे प्रश्न विचारून टाकले. तिथं एकमेकांची ओळख पटते का? रतनचा डावा हात तिथं चालत असेल का? दार खरोखर बुटकं आहे का?

"मला माहीत नाही, काका," ते प्रत्येक वेळी म्हणाले.

"मग कॉलेजात चार वर्षं शिकलात काय?"

"आशा धरायला शिकलो," ते म्हणाले. "माहिती कमीच मिळाली."

मी विचारलं, समजा तिथं आपल्याला नको असलेला माणूस आधीच येऊन बसलेला असला तर? ते म्हणाले, "आत कोण येणार ते ठरवायचं काम आपल्याकडं नाही. मला याचा फार आराम वाटतो."

मला अजिबात आराम वाटला नाही. बावीस वर्षं ते काम माझ्याकडंच आहे.

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार. दुपारी पाय धुण्याची रंगीत तालीम होती. हे पडल्या पडल्या लिहितोय, हॉस्पिटलात. अक्षर वाकडं येईल.

तालीम आधी फार छान चालली. बाराही जण घरून पाय घासून-पुसून आले होते. एकीनं तर नखांना रंग लावला होता, एकानं नवे मोजे घातले होते आणि खुर्चीत बसून काढले. घंगाळ झळकत होतं. मी गुडघे टेकून एकेकाचे पाय धूत गेलो आणि बाराव्या माणसापर्यंत पाणी जसंच्या तसं स्वच्छ राहिलं. इतका नीटनेटका कार्यक्रम आमच्या मंडळीत झालेला नाही. भीमा दाराशी झाडू घेऊन उभी राहून बघत होती.

मग उठायची वेळ आली. गुडघे धरले होते. पाळकांनी हात पुढं केला. "राहू द्या, मला येतं," मी म्हणालो. फरशीवर पाणी सांडलेलं होतं. डावा पाय गेला आणि मी पाठोपाठ. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. घंगाळ मात्र शाबूत आहे, दाराकडं गडगडत गेलं ते भीमानं पायानं अडवलं म्हणे.

डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. मी विचारलं, वाकलं तर चालेल का? ते म्हणाले, आजोबा, वाकायची तर गोष्टच काढू नका.

१५ एप्रिल, मंगळवार

घरी आणलं. मुलगा दीपक पुण्याला नोकरीत आहे, शनिवारी येतो म्हणाला. तोवर राजलक्ष्मी बघते म्हणाली. पण तिनं मला न विचारता बावड्याला फोन केला.

दुपारी दार वाजलं. सोनबा. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, उभं राहणं तसंच, एक खांदा खाली टाकून. उंबऱ्याच्या बाहेर चपला काढून थांबला. "दादा," म्हणाला. "येऊ का?"

बत्तीस वर्षांचं काय बोलायचं असतं ते मला आठवेना. मी म्हणालो, "पंखा लाव." तो आत आला आणि त्यानं पंखा लावला.

मागून साखरबाई आल्या. डोक्यावरून पदर, मला मोठा दीर म्हणून नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पाच मिनिटांत चहा आला. चहाची पूड, साखर, गाळणी, लायटर, काही म्हणजे काही विचारावं लागलं नाही. मला स्वतःला चहाची पूड अजून शोधावी लागते.

चहा घेता घेता मी त्यांच्याकडं बघत होतो. त्यांनी बघितलं की मी बघतोय. त्या रिकामे कप घेऊन आत गेल्या.

१७ एप्रिल, गुरुवार

पवित्र गुरुवार. तिकडं चर्चमध्ये विधी, आणि मी इकडं खाटेवर.

सकाळी भीमा घंगाळ परत देऊन गेली. पाळकांनी स्टीलची परात वापरायचं ठरवलं. दुपारी सोनबा औषधं आणायला गेला. साखरबाईंनी पाणी तापवलं, घंगाळात ओतलं, आणि ते उचलून माझ्या खाटेशी आणून ठेवलं. पितळेवर हात फिरवून म्हणाल्या, "किती दिसांनी बघितलं ह्याला. आईचं हाय माझ्या."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "हे इथं कसं आलं?"

"मीच आणलं. जाऊबाईस्नी बादलीत पाय घालता येईनात."

मग तिनं सगळं सांगितलं. आता मी 'तिनं'च लिहितो, 'साखरबाई' लिहवत नाही. रतननं आजारात पहिल्याच महिन्यात राजलक्ष्मीकरवी निरोप धाडला होता. दर बुधवारी बावड्याहून एसटीनं यायचं, मी पिंपळीला गेलो की वर चढायचं, रतनला न्हाऊ-माखू घालायचं, वेणी घालायची, पाय धुऊन तेल लावायचं, घंगाळ लुगड्यात गुंडाळून परत माळ्यावर ठेवायचं, आणि सहाच्या आत खाली उतरायचं. तीन वर्षं. पावसात, उन्हात. एकदा मी लवकर आलो तेव्हा ती गिरणीत पिठाच्या डब्यामागं बसून राहिली होती.

"मला का नाही सांगितलं?"

"जाऊबाई म्हणायच्या, ह्यास्नी कळलं तर हे नियम काढत्याल, आन् मग माजी वेणी कोण घालंल?"

मी दौंडला जाऊन साक्ष दिली होती. अर्धा तास बोललो होतो. लोकांनी डोळे पुसले होते. मला आता इतकी लाज वाटली की भिंतीकडं तोंड करावंसं वाटलं, पण प्लास्टरमुळं वळता येईना.

तिनं माझा उजवा पाय धरला. मी ओढून घेतला. "नको, नको. मी तुझा मोठा दीर. मी पुसतो माझं."

"कसं पुसताय? वाकता येतंय का?"

नाही येत. तिनं पुन्हा धरला, घंगाळात ठेवला. कोमट पाणी. घोट्यापासून बोटांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांतनं, टाचेखालून, घाई न करता. चार दिवसांच्या खाटेनं आणि हॉस्पिटलच्या धुळीनं पाणी गढूळ झालं. मी बघत होतो. ते माझंच पाणी होतं. रतनचे पाय असेच धरले असतील या हातांनी, एकशेपन्नास बुधवार. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"जाऊबाई म्हणल्या हुत्या," ती पाय पुसता पुसता म्हणाली, "माज्या माघारी कवातरी ह्यांचं बी एकदा धू. ते धुऊन घेणार न्हाईत. पण तू सोडू नगं."

दारासाठी वाकायला शिका म्हणाली होती ती मला, आणि शिकवायची व्यवस्थाही करून गेली. मला वाटलं होतं वाकणं म्हणजे गुडघे टेकून दुसऱ्याचे पाय धरणं. ते मला बरं जमलं होतं, फोटोसकट.

पाणी टाकून आल्यावर साखर दारात उभी राहिली. पदराचा काठ चाळवत म्हणाली, "भावजी, एक इचारू? तुमी पंच हायसा म्हणून. जाऊबाई म्हणायच्या, मी म्होरं जाती, तुज्यासाठी दारात हुबी राहीन. पर मी तर तुमच्यातली न्हाय. देव्हाऱ्यात माझा देव हाय, त्यो मी सोडला न्हाय. मला आत घेतील का वो?"

बावीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. आज तोंड उघडलं तर उत्तर नव्हतं. सोनबा औषधं घेऊन आला आणि ते तसंच राहिलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडे. पाळक भेटायला आले. म्हणाले, काल विधी झाला, बारावी जागा तुमच्या यादीतल्या एका बाईंनी स्वतःहून भीमाला दिली. पाणी तीनदा बदलावं लागलं. मी म्हणालो, फार चांगलं झालं. मग त्यांना सांगितलं की मला रविवारी साक्ष द्यायची आहे, कसंही करून न्या.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. प्रभू उठला आहे.

मला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून नेलं. पुढं पाळक आणि दीपक, मागं सोनबा आणि राजलक्ष्मीचा नवरा. चर्चच्या पायऱ्या चढताना त्यांनी खुर्ची खांद्याबरोबर घेतली. ते दार मी बावीस वर्षं वापरतोय, चांगलं उंच आहे. पण माणसं उचलून नेतात तेव्हा ते उंच राहत नाही. "दादा, डोकं!" सोनबा मागून ओरडला. मी हनुवटी छातीला लावली, पाठ वाकवली, तरी केसांना चौकट घासून गेली.

आत गेल्यावर मी हसत सुटलो. लोकांना वाटलं औषधाचा अंमल आहे. रतन, तुला कुणी सांगितलं होतं गं?

साक्ष दिली. बुधवारचा चमत्कार माझ्या प्रार्थनेनं झाला नव्हता, बावड्याच्या एसटीनं झाला होता, असं सांगितलं. साखरचं नाव घेतलं. सोनबाचं नाव कापलं ते सांगितलं, मांडवात तो एकटा उभा होता तेही. दौंडला पत्र लिहीन म्हणालो. शेवटच्या बाकावर, जिथं पंखा लागत नाही, तिथं भीमाशेजारी साखर बसली होती. ती मान खाली घालून पदर तोंडाला लावून बसली होती. रजिस्टरातली लाल रेघ खोडता येत नाही. खाली नव्यानं लिहावं लागेल. ते पंचांनी करावं, मी बैठकीला बसणार नाही.

संध्याकाळी दोघं बावड्याला निघाली. साखरनं घंगाळ घासून खाटेखाली ठेवलं होतं. मी म्हणालो, तुझ्या आईचं आहे, घेऊन जा. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बुधवारी येनारच हाय."

पिशवी उचलून ती दारापर्यंत गेली तेव्हा मी हाक मारली. "साखर, गुरुवारी विचारलंस त्याचं उत्तर."

ती थांबली. सोनबाही थांबला.

"तू पुढं हो," मी म्हणालो. "रतन दारात असेलच. मी तुझ्या मागनं येईन. कुणी अडवलं, कुणाच्या ओळखीचा म्हणून विचारलं, तर मी तुझं नाव सांगीन."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती पदराआडून हसली.

"भावजी, त्यो वशिला न्हाय का झाला?"

"व्हय," मी म्हणालो. "वशिलाच."